फ्रीजमधला पालक

१२ ऑक्टोबर, दसरा

आज घट उठले. पत्रावळीवरच्या काळ्या मातीत नऊ दिवसांत धान वीतभर वाढलं होतं. फिकट पिवळं, लवलवतं. मुलाने दोन काड्या टोपीत खोवल्या. "यंदा धान चांगलं आलं," सासूबाई म्हणाल्या. चांगलं म्हणजे उंच. देवघरात उजेड नसतो, म्हणून गहू उजेड शोधत नुसता लांबत जातो. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, तो मिळेपर्यंत पिवळाच राहतो. गव्हाला हे परवडतं. दाण्यात पिठाची शिदोरी असते, तिच्यावर तो आठ-दहा दिवस सहज काढतो.

म्हणजे घरात बी रुजवणं आपल्याकडे नवं मुळीच नाही. पण घटाच्या पद्धतीने पालक लावायला गेलं तर फजिती ठरलेली. पालकाच्या बीत एवढी शिदोरी नसते. चार-पाच दिवस उजेड कमी पडला की रोप आडवं.

यंदा पालकाची रोपं घरातच करायचं ठरवलंय. कारणं साधी आहेत. बाल्कनीत कबुतरं कोवळा कोंब ठेवत नाहीत, आणि दुपारचं ऊन अजून चटचटतंय. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर दुपारी ३० अंश. सासूबाईंना हे सगळं पटलेलं नाही. त्यांचं बालपण जुन्नरकडचं, मळ्यातलं. "पालक काय गं घरात लावायचा? वाफ्यात फोकून द्यायचा आणि पाणी सोडायचं." वाफा आणू कुठून, हा प्रश्न मी विचारला नाही.

१३ ऑक्टोबर

मंडईजवळच्या बियाण्यांच्या दुकानातून दोन पुड्या आणल्या. एकीवर नुसतं 'पालक', दुसरीवर 'विलायती पालक'. घरी येऊन दोन्ही हातावर ओतल्या आणि मग कळलं की या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

पहिलं बी हिंगाच्या खड्यासारखं, खडबडीत, वेडंवाकडं. हे बी एकटं नसतंच. दोन-तीन फळं एकमेकांना चिकटून झालेला तो गठ्ठा असतो. नेमकं असंच बी बिटाचं असतं, आणि त्यात नवल काही नाही, कारण आपण मंडईतून जुडी आणतो तो पालक बिटाचाच सख्खा भाऊ आहे. शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस, पोटजात बेंगालेन्सिस. 'ऑल ग्रीन', 'पूसा ज्योती', 'पूसा हरित' हे सगळे वाण याच पालकाचे. त्यातला 'पूसा हरित' तर साखरबीट आणि देशी पालक यांच्या संकरातून काढलेला.

दुसरं बी गोल, गुळगुळीत, मातकट. हा स्पिनेशिया ओलेरॅशिया, पुस्तकांतला आणि परदेशी व्हिडिओंमधला पालक. याच्याच काही वाणांचं बी काटेरी असतं, 'व्हर्जिनिया सॅव्हॉय' त्यातला. आपण याला विलायती म्हणतो, पण मूळ इराणकडचं. इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने चीनच्या थांग दरबारी ज्या भाज्या भेट पाठवल्या त्यांत हा होता, अशी नोंद चिनी ग्रंथांत आहे. विलायतेला तो बराच नंतर पोचला.

दोघे एकाच मोठ्या कुळातले आहेत. माठ, राजगिरा, चाकवत हेही त्यातलेच. पण विलायती पालकात नर आणि मादी झाडं वेगळी, बीटवर्गीय पालकात तसं नाही. एकाची गुणसूत्रं १२, दुसऱ्याची १८. असे दोघे एका नावाने विकले जातात आणि लोक एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसतात. 'बी आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवा' हा सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. तो आपल्या रोजच्या पालकासाठी नाहीच.

पुडीवरचं लेबलही वाचलं. सत्यप्रत बियाण्याचं हिरवट लेबल. प्रमाणित बियाण्याला निळं असतं. उगवणशक्ती किमान ६० टक्के, तपासणीची तारीख, वैधता नऊ महिने. दहातली चार बियं उगवली नाहीत तरी दुकानदाराशी भांडायची सोय नाही, हा याचा अर्थ.

१४ ऑक्टोबर

देशी पालकाचं बी रात्रभर भिजत घातलं होतं. सकाळी पाणी गुलाबी. बियाला थायरम या बुरशीनाशकाचा लेप असतो, रंग त्याच्या सोबतीला दिलेला. हे पाणी ओट्यावरच्या मोरीत ओतायचं नाही, हात साबणाने धुवायचे, आणि असलं बी मोड आणून सॅलडमध्ये घालण्याच्या भानगडीत तर अजिबात पडायचं नाही. पुडीवर विषाची खूण छापलेली असते. हल्ली कुठल्याही बियाचे 'मायक्रोग्रीन्स' करण्याची हौस पाहिली की ती खूण कोणी पाहतं का, असा प्रश्न पडतो. खाण्यासाठी मोड आणायचे तर लेप नसलेलं बी वेगळं मागून घ्यावं.

भिजवण्याचं खरं कारण केवळ बी मऊ करणं नाही. बिटाच्या बियाभोवतीच्या भेंडासारख्या सालीत क्षार आणि अशी काही द्रव्यं असतात जी उगवण रोखून धरतात. मोकळ्या रानात पहिला चांगला पाऊस ती धुऊन नेतो, म्हणजे थोड्याशा सरीने बी फसत नाही. आपण ते काम गाळणीत धरून नळाखाली करायचं. भिजवलेल्याच पाण्यात बी ठेवून दिलं तर तीच द्रव्यं पुन्हा त्याच्या अंगाला. म्हणून दोनदा पाणी बदललं, हाताने चोळलं आणि थेट ट्रेमध्ये पेरलं.

ट्रेमध्ये धुतलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग. कोकोपीट धुवायचं ते त्यातल्या मिठासाठी. नारळ समुद्रकाठचा.

१५ ऑक्टोबर

आज विलायतीचा नंबर. ओल्या कागदी रुमालात बी पसरून, गुंडाळी करून, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. कोथिंबिरीच्या शेजारी. डब्यावर चिठ्ठी लावली, नाहीतर कोणीतरी फोडणीत टाकायचं.

फ्रीज कशासाठी, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हॅरिंग्टन यांचा भाजीबियांचा जुना तक्ता पाहिला की लख्ख कळतं. ५ अंश सेल्सिअसला या पालकाची ९६ टक्के रोपं धड निघतात, मात्र २३ दिवस लागतात. १५ अंशांना ८२ टक्के आणि सात दिवस. २५ अंशांना पाचच दिवस, पण रोपं २८ टक्के. ३५ अंशांना काहीच नाही. उष्णता वाढली की उगवण लवकर होते आणि कमीही होते. बहुतेक भाज्यांचं याच्या उलट असतं, म्हणून लोक चकतात. भेंडी-गवार या तापमानात खुशाल उगवतात, आणि मग पालकाचंच बी खराब निघालं असं वाटतं. बी खराब नसतं. ऊन आहे तोवर ते उगवायचं नाकारतं.

पाण्याचंही तसंच. या बियाच्या सालीला भिजल्यावर एक बुळबुळीत थर येतो, आणि पाणी जास्त झालं की तो थर बियाला प्राणवायू मिळू देत नाही. रुमाल घट्ट पिळून घेतला. सासूबाईंनी हात लावून पाहिला. "वाफसा हवा, चिखल नको," एवढंच म्हणाल्या. फ्रीजमध्ये वाफसा! पण त्यांचं बरोबर आहे.

२० ऑक्टोबर

देशी पालक उगवला. एकेका खड्यातून दोन-दोन, कुठे तीन रोपं. देठाला किंचित लाली, तीही बिटाची आठवण. आता विरळणी. उपटायचं नाही, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. कात्रीने नको ते रोप मातीलगत कापलं. जीव होत नाही, पण दोघांना ठेवलं तर दोघंही काडीसारखी राहतात.

२२ ऑक्टोबर

फ्रीजमधल्या गुंडाळीत पांढरी मुळं दिसायला लागली. सगळ्या बियांना नाहीत, पण पुरेशा. तीन-चार मिलिमीटरच्या वर वाढू द्यायची नाहीत, उचलताना तुटतात.

पालकाचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि त्याला हलवलेलं आवडत नाही. म्हणून ट्रे नको. वर्तमानपत्राच्या पट्ट्या पेल्याभोवती गुंडाळून कागदी कुंड्या केल्या, पुढे कागदासकट मातीत ठेवता येतात. बी सेंटीमीटरभर खोल, मूळ खाली करून. कुंड्या घरातल्या सगळ्यांत गार जागी, उत्तरेकडच्या न्हाणीघराच्या फरशीवर, ओल्या फडक्यावर मांडल्या. कोंब वर येईपर्यंत उजेडाची गरज नाही. वर आला की मात्र त्याच दिवशी हलवायचं.

२६ ऑक्टोबर

कोंब वर आले. विलायतीची पहिली दोन पानं अरुंद, लांब, गवताच्या पात्यासारखी. सासूबाईंना ते तणच वाटलं आणि त्या खुडायला निघाल्या होत्या. थोडक्यात वाचलं.

आता खरा प्रश्न उजेडाचा. आमची स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेकडे आहे. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, तेव्हा या खिडकीत ऊन येतच नाही. आता दक्षिणायन सुरू आहे, सूर्य रोज थोडा कलतोय, डिसेंबरात ऊन पार ओट्यापर्यंत येईल. पण आत्ता ते जेमतेम खिडकीच्या जाळीपाशी. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, रोपाला ती संध्याकाळ असते. देशी पालकाची रोपं दोन दिवसांत काचेकडे झुकली. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८०च्या पुस्तकात गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर टोप्या घालून दाखवलं होतं की उजेड शेंड्याला कळतो आणि वळण खालच्या भागात पडतं. आमच्या ओट्यावर टोप्यांची गरज पडली नाही, ट्रे उलटा फिरवला तरी एका दिवसात सगळी फौज तोंड फिरवून उभी.

वीस वॅटची एलईडी नळी आणली. रोपांच्या वर वीतभरापेक्षा कमी अंतरावर टांगली. दिवसाला बारा तास म्हणजे पाव युनिटही नाही, महिन्याला सात युनिट. शहरातल्या गच्ची-बाल्कनीवाल्यांनी श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचावं. सूर्यप्रकाश हे शेतीचं भांडवल मानून मांडलेला तो हिशेब आहे. आपण खत आणि माती यांवर तासन्‌तास बोलतो, उजेड फुकट म्हणून त्याचा हिशेब ठेवत नाही. फ्लॅटमध्ये तो फुकटही नसतो.

पंखा सर्वांत मंद ठेवला. वारा लागला की देठ जाडजूड होतो.

२७ ऑक्टोबर

टोरांटोहून पुतणीचा फोन. तिकडे तीही पालक घरात लावणार आहे, मार्चमध्ये. मी गरमीतून सुटायला घरात लावतेय, ती बर्फातून सुटायला. "काकू, मी येताना तिकडची चांगली बियं आणू का?" नको म्हटलं. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय बियाणं देशात आणता येत नाही. पुडी लहान असली तरी तिच्याबरोबर येणारी कीड किंवा रोग लहान राहत नाही. उलट तिलाच सांगितलं की पालकासाठी तुला घरात खटाटोप करायची फारशी गरज नाही. तिकडची जमीन उकरता येईल इतकी सुटली की बी थेट बाहेर टाक, त्याला थंडी चालते. टोमॅटो-मिरचीची रोपं मात्र घरात कर.

३१ ऑक्टोबर

चकल्या, शेव, पाहुणे. रोपांकडे लक्ष नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येकाने प्रेमाने रोपांना पाणी घातलं. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, पाहुण्यांना ते कुठून कळणार. एका कोपऱ्यातली देशी रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडली. ही पिथियमसारख्या बुरशीची कामगिरी. पडलेलं रोप उठत नाही, त्याच्या मागे लागू नये. ती आणि भोवतीचं कोकोपीट काढून टाकलं, उरलेल्यांवर ट्रायकोडर्मा भुरभुरलं आणि वरून पाणी बंद. आता ट्रे परातीत ठेवायचा, पाणी खालून पंधरा मिनिटं शोषू द्यायचं, उरलेलं ओतून टाकायचं. विलायती कागदी कुंड्यांत असल्यामुळे वाचला. कागदातून पाणी उडून जातं.

घरात रोपं करण्यातला हा मोठा धोका आहे. रानात ऊन आणि वारा बुरशी आटोक्यात ठेवतात. घरात ते काम कोणी करत नाही आणि पाणी घालायला मात्र सगळे तयार.

१० नोव्हेंबर

रोपांना खरी पानं फुटली. आजपासून सकाळचे दोन तास बाल्कनीत, कबुतरांसाठी वरून जाळी. रोज तासभर वाढवत आठवड्याने बाहेरच. घरातलं पान थेट उन्हात ठेवलं की पांढरं पडतं.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. रांग मोठी. दुपारी रोपं पेटीत लावली, वीतभर खोल पेटी, दोन रोपांत चार बोटं. विलायतीच्या कागदी कुंड्या तशाच गाडल्या, तळाचा कागद तेवढा फाडला. मातीच्या वर कागदाची कड ठेवायची नाही, ती वातीसारखी ओल शोषून उडवते.

२९ नोव्हेंबर

कडाक्याची थंडी. पारा दहाच्या आसपास उतरलाय. देशी पालकाची पहिली कापणी आज केली. मुळासकट नाही, मातीवर दोन बोटं ठेवून पानं कापली. आतला गाभा राखला की पुन्हा फुटतो आणि अशा पाच-सहा कापण्या मिळतात. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी. एका वेळेपुरती, त्यातही सासूबाईंनी चुका आणून आंबटपणाची सोय केली म्हणून.

विलायती महिनाभर कुढत बसला होता, तो या थंडीत एकदम अंग धरू लागलाय. पानं जाड, गडद, जमिनीलगत गोल पसरलेली.

५ डिसेंबर

फेंगल वादळ तिकडे पुदुच्चेरीजवळ येऊन गेलं आणि इथे ढग. रात्री एकदम उबदार. विलायतीची वाढ थांबली. पानांखाली मावा. साबणाच्या अगदी पातळ पाण्याने पानांची खालची बाजू पुसली. देशी पालकाला ढगांचं काही सोयरसुतक नाही.

१७ डिसेंबर

विलायतीची बाहेरची पानं आज काढली. कच्ची खाऊन पाहिली. गोडसर, मांसल, देशी पानाला असते तशी मातकट चव नाही. दातांवर जो खरखरीत थर बसतो तो ऑक्झॅलेटचा. तो दोन्ही पालकांत असतो आणि उकळून पाणी टाकल्याने कमी होतो. सासूबाईंनी दोन पानं चावली. "बरा आहे. पण भाजीला पुरायचा नाही." खरंच, डाळीत टाकला तर कुठे गेला ते कळणार नाही.

आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी माझं मत आता पक्कं आहे. देशी पालकाची रोपं घरात करू नयेत. बी भिजवून, धुऊन, चोळून पेटीत थेट पेरावं आणि वर जाळी टाकावी, तो ३० अंशांतही उगवतो आणि पुन्हा लावण्याचा फटका त्याला बसत नाही. घरातला खटाटोप फक्त विलायतीसाठी करावा, तोही ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात फ्रीजमध्ये मूळ फोडून, म्हणजे थंडीला त्याची पानं तयार असतात. जानेवारी संपल्यावर त्याची पुडी फोडू नये, कारण पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याच्याजोगं हवामान पुण्यात येत नाही. उरलेलं बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं तर एखादा हंगाम निभतं, त्यापुढे उगवण झपाट्याने घटते. आणि पुडी घेताना दुकानदाराला फक्त 'पालक' सांगू नका, बी हातावर ओतून पाहा. खडबडीत खडे असतील तर तो आपला रोजचा पालक, गोल किंवा काटेरी असेल तर त्याच्यासाठी आधी फ्रीजमध्ये जागा करा.